परसदार आणि हौस

परसदाराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. त्या लिखाणाविषयी मात्र कोणी काही लिहीत नाही. आपल्या त्रैमासिकाचे जुने अंक चाळले तर ‘आमची परसबाग’, ‘गच्चीवरील फुलझाडे’, ‘आईचे विणकाम’, ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशा मथळ्यांचे लेख वर्षाकाठी तीन-चार तरी आढळतात. कथा-कवितांवर आपण अभिप्राय देतो, प्रसंगी भांडतोही. या लेखांवर मात्र ‘हौस दांडगी आहे हो’ एवढे म्हणून पान उलटतो. कोणाच्या हौसेवर टीका करणे शिष्टाचारास सोडून आहे, अशी आपली समजूत असावी. तो शिष्टाचार आम्ही येथे थोडा वेळ बाजूस ठेवणार आहोत. कारण ज्या परसदारांविषयी हे लिहिले जाते ती परसदारेच धार आणि देवास या दोन्ही शहरांतून झपाट्याने नाहीशी होत आहेत. वाडे विकले जात आहेत, विहिरी बुजत आहेत, बखळींत मजल्यावर मजले चढत आहेत. उद्या पुरावा म्हणून जे काही शिल्लक राहील त्यात हे लेख असतील. पुरावा खरा आहे की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

प्रथम ‘हौस’ या शब्दाकडेच पाहू. हा शब्द मूळचा अरबी. आपल्या शेजारच्या हिंदीत तो ‘हवस’ या रूपाने नांदतो आणि त्याला हावरेपणाचा, वासनेचा उग्र दर्प आहे. मराठीने त्याला न्हाऊमाखू घालून, स्वच्छ कपडे चढवून घरात घेतले. मराठी हौस निष्पाप असते आणि हौसेला मोल नसते, असेही आपण वर म्हणतो. आमची तक्रार नेमकी याच ठिकाणी आहे. जिला मोल नाही तिचा हिशेब कोणी मागत नाही, आणि ज्या लेखनाला हिशेब द्यावा लागत नाही ते हळूहळू खोटे होऊ लागते. ते असत्य असते असे नव्हे. त्यात गाळलेलेच फार असते.

काय काय गाळले जाते? परसबागेवरील कोणताही लेख घ्या. त्यात जास्वंद फुलते, मोगरा घमघमतो, तोंडलीचा मांडव लवतो, शेवग्याला शेंगा लगडतात. मेलेले रोप एकही नसते. माळव्याच्या काळ्या मातीत ज्याने एक तरी आळे केले आहे त्याला ठाऊक आहे की ही माती वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि श्रावणात मुळांशी पाणी धरून ठेवून झाडे कुजवते. गुलाबाची दहा कलमे लावली तर त्यांतली किती पुढची होळी पाहतात, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. लेखात मात्र दहाच्या दहा जगतात. शासकीय सेवेत ‘लक्ष्य शंभर टक्के साध्य’ असे शेरे लिहिण्यात आमची हयात गेली. त्यामुळे तशा मजकुराचा वास आम्हांस लांबून येतो.

आणि पाणी? १९९० च्या उन्हाळ्यात देवास शहराला इंदूरहून रेल्वेगाडीने पाणी आणावे लागले होते. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या हिंदी पुस्तकात त्याची नोंद करून ठेवली आहे. ज्या गावात आगगाडीच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी उतरले, त्या गावातील परसबागांचे त्या वर्षी काय झाले? कोणती झाडे सोडून दिली, कोणती न्हाणीघराच्या सांडपाण्यावर जगवली? कर्दळ आणि अळू मोरीच्या पाण्यावर तग धरतात म्हणूनच ती आपल्या घरोघरी दिसतात. हा सौंदर्याचा नव्हे, पाण्याचा इतिहास आहे. तो लिहिला गेलेला आमच्या पाहण्यात नाही. धारकरांची आणखी एक गंमत अशी की, गावावर लिहायचे म्हटले की लेखणी थेट मांडूला जाऊन रूपमतीच्या सज्जात बसते. वाटेतले स्वतःचे परसदार तिला दिसत नाही.

बागेवर लिहिणाऱ्या मराठी लेखकाच्या मनात कळत-नकळत एक पुस्तक असते, ते म्हणजे दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’. १९५६ साली आलेल्या या पुस्तकात बारा मराठी महिन्यांचे बारा लेख आहेत. मराठीतील ललित निबंधाची पातळी त्याने उंचावली, याविषयी दुमत नाही. झाडाची पालवी कोणत्या आठवड्यात कोणत्या रंगाची असते हे दुर्गाबाई ज्या काटेकोरपणे पाहतात, तो काटेकोरपणा संशोधकाचा आहे. परंतु त्यांचे झाड कोणीतरी लावलेले नसते, ते असते. पाहणारा रस्त्याने जातो, थांबतो, वर पाहतो. त्या पुस्तकाची ती प्रकृतीच आहे आणि त्यात काही उणे नाही. उणे आहे ते अनुकरणात. आपले लेखक स्वतःच्या हाताने लावलेल्या झाडाकडेही वाटसरूच्या डोळ्यांनी पाहतात. पालवीचे सात रंग येतात, पण पालवी खाणारी अळी येत नाही. पारिजातकाचा सडा येतो, पण तो झाडताना मोडलेली कंबर येत नाही. दुर्गाबाईंकडून शब्द घेतले, नजर घेतली नाही.

याच्या शेजारी दुसरे एक बारा महिन्यांचे पुस्तक ठेवून पाहण्यासारखे आहे. चेकोस्लोव्हाकियातील कारेल चापेक (‘रोबो’ हा शब्द ज्यांच्या नाटकामुळे जगभर गेला तेच हे) यांनी १९२९ साली ‘माळ्याचे वर्ष’ या अर्थाच्या नावाचे लहानसे पुस्तक लिहिले. त्यांचे बंधू योसेफ यांनी चित्रे काढली. चापेक व्यवसायाने माळी नव्हते. प्राग शहरातील आपल्या घरामागे बाग करणारे ते हौशी गृहस्थ, म्हणजे अगदी आपल्यापैकी एक. पण त्यांचा विषय फुले नाहीत, बाग करणारा माणूस आहे. हा माणूस बहुतेक वेळ ओणवा असतो, त्यामुळे जगाला त्याचे डोके क्वचितच दिसते. पाण्याची नळी त्याच्याशी सापासारखी झुंजते. नवे रोप हौसेने विकत आणतो आणि ते लावायला बागेत जागाच नाही हे त्याला घरी आल्यावर कळते. विशेष म्हणजे हा माणूस हळूहळू फुलांपेक्षा मातीविषयी अधिक बोलू लागतो. खत, राख, कुजलेला पाला यांची त्याला जी आसक्ती जडते, ती पाहून ‘हवस’ हा हिंदी शब्दच योग्य वाटू लागतो. चापेक स्वतःला हसतात, आणि हसता हसता जे मेले, जे फसले, जे दंवाने करपले ते सगळे सांगून मोकळे होतात. त्यामुळे त्यांची बाग आपल्याला दिसते. आमच्या मते मराठीत परसबागेचे उत्तम पुस्तक अद्याप नाही, याचे कारण फुलांची वाण नव्हे. स्वतःला हसण्याची तयारी नाही, हे कारण आहे. विनोदाची एवढी मोठी परंपरा असलेल्या भाषेत हे घडावे, याचे नवल वाटते.

मातीचा विषय निघालाच आहे तर घरातलीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आज गच्चीवर बाग करणारी मंडळी ‘कंपोस्ट’ हा शब्द परदेशातून आलेल्या नवलाईसारखा उच्चारतात. परंतु खताची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते ती आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर बसली. १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती आणि चुलीतली राख यांचे थर उथळ खड्ड्यांत रचायचे, ओलावा राखायचा, साधारण पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी खालवर करायचे. तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली त्यावरील इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नावे दोन आहेत: आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पुढे हॉवर्ड यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून त्यांचे नाव झाले, १९४० सालचा त्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला. वाड यांचे नाव मात्र इंदूर-देवासच्या मराठी घरांतूनही कोणी घेत नाही. हे पुस्तक वाङ्मय नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही त्यात खड्ड्याची लांबी-रुंदी आहे, किती मजुरांना किती वेळ लागतो ते आहे, आणि ही कल्पना सुचण्यामागे चीनच्या शेतकऱ्यांचे किती ऋण आहे तेही आहे. आपल्या ललित लेखांपेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे, आणि आमच्या मते म्हणूनच अधिक वाचनीयही. कोल्हापूरकडील श्री. अ. दाभोलकरांच्या ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकाची जातकुळीही हीच. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे पोषण होईल का, हा प्रश्न ते पानाच्या क्षेत्रफळापासून आणि त्यावर पडणाऱ्या उन्हापासून सोडवू पाहतात. त्यांचे उत्तर कोणास पटो न पटो, प्रश्न मात्र खरा आहे.

आता ओणवे कोण होते, हा प्रश्न. आपल्या लेखांतील क्रियापदे पाहावीत. ‘आळे करण्यात आले’, ‘माती बदलून घेतली’, ‘खत घालवून घेतले’. कर्ता कोठेच नाही. संस्थानी काळातील वाड्यांतून बागकाम करणारा माळी असे, शेण सारवणारी बाई असे, पावसाळ्याआधी भिलाट गावांतून कामाला येणारी कुटुंबे असत. हे सर्व लोक लेखाच्या बाहेर उभे आहेत. मराठीत मळ्यावर बोललेला पहिला थोर आवाज सावता माळ्याचा, म्हणजे ज्याचे हात मातीत होते त्याचा. भाजीत विठ्ठल पाहायला त्याला मळ्याच्या बाहेर जावे लागले नाही, आणि मळ्याचे काम सोडावेही लागले नाही. पुढे बागेवरील लेखणी बाग करवून घेणाऱ्यांच्या हाती आली आणि विठ्ठलाच्या जागी रंगसंगती आली. असो.

आता कोंबडीकडे वळू. परसदाराच्या मराठी लेखांत बुलबुल असतो, खार असते, मांजर असते, क्वचित मुंगूसही निघते. कोंबडी नसते. हा योगायोग नाही. लेखणी ज्या घरांत होती त्या घरांत बहुधा खुराडे नव्हते, आणि खुराडे ज्या घरांत होते त्या घरांतून लेख आले नाहीत. आपल्याकडील मराठी वस्ती एका जातीची कधीच नव्हती. पवारांबरोबर आलेल्यांत सरदार-शिलेदार होते, कारकून होते, कारागीर होते. अनेक मराठा घरांच्या मागील दारी कोंबड्या असत. पाहुणा आला की त्यांतली एक कमी होई. पण ‘माळव्यातील मराठी घराचे परसदार’ म्हणून जे चित्र आपण छापत आलो त्यात तुळशीवृंदावन असते, खुराडे नसते. जे एका गटाचे होते ते सर्वांचे म्हणून रूढ झाले.

मराठी साहित्यात कोंबडी आहेच, पण तिची जागा ठरलेली आहे. ग्रामीण कथेत ती चोरीस जाते किंवा पाहुण्यासाठी कापली जाते. दलित आत्मकथनांच्या जगात ती भुकेच्या वाटेने येते. ‘हौस’ आणि ‘कोंबडी’ हे दोन शब्द एका वाक्यात येत नव्हते. गेल्या काही वर्षांत ते येऊ लागले, आणि त्याला निमित्त झाली आपल्याच शेजारची एक कोंबडी.

झाबुआ, अलिराजपूर आणि धार जिल्ह्याचा पश्चिम पट्टा ही कडकनाथची मायभूमी. पिसे, तुरा, कातडी, मांस, हाडांपर्यंत सगळे काळे. स्थानिक लोक तिला कालामासी म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर शहराबाहेर जमिनी घेतलेल्या हौशी मंडळींत कडकनाथ पाळण्याची लाटच आली. त्यावरील मराठी-हिंदी लेखही आले. ते आम्ही मन लावून वाचले. त्यांत अंड्याचा भाव आहे, मांसाचा भाव आहे, रोगनिवारक गुणांची एक लांबलचक यादी आहे. यादीविषयी आम्ही बोलत नाही. वैद्यकाचे ते वैद्यकाने पाहावे. पण कोंबडी त्यांत कोठे आहे? ही जात अंडी उबवण्याच्या कामी फारशी भरवशाची नाही. तिची अंडी बहुधा दुसऱ्या खुडूक झालेल्या गावठी कोंबडीखाली घालतात. ती पोटाखाली घेऊन बसते, फुटून बाहेर येतात ती काळीकुट्ट पिल्ले, आणि ती त्यांना आपली मानून पंखाखाली घेते. एखाद्या लेखकाला यात काही दिसू नये?

सेवेच्या काळात आमची काही वर्षे त्या भागात गेली. भिल्ल घरात कोंबडी ही शोभा नाही आणि व्यवसायही नाही. ती घरातील बाईची गाठीची रक्कम आहे. मीठ-तेल हवे, मुलास ताप आला, पाहुणा आला, देवाचा नवस फेडायचा, प्रत्येक वेळी हात खुराड्याकडे जातो. हाटाच्या दिवशी काखेत कोंबडे धरून चाललेली बाई ही आपल्या भाषेत बँकेत चाललेली असते. कडकनाथ त्या हिशेबातून निघून आपल्या हौसेत आली तेव्हा तिच्या लेखनातून तो हिशेबही गळाला, आणि मरणही गळाले. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यात थांदल्याजवळच्या एका कडकनाथ केंद्रात बर्ड फ्लू आढळला. देशभर बातमी गाजली ती क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांनी मागवलेली २००० पिल्ले आता त्यांना मिळणार नाहीत म्हणून. आसपासच्या झोपड्यांतील खुराड्यांचे काय झाले, हे बातमीत नव्हते. त्याआधी २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिली साथ आली, तेव्हाही मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांबरोबर गावांतील घरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. शासकीय तक्त्यात त्यांचा आकडा येतो, तो यायलाच हवा. पण तक्त्याने जे सोडले ते उचलणे हे साहित्याचे काम होते.

ते कसे करता येते, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. ई. बी. व्हाइट या निबंधकाराने मेन राज्यात शेतावर राहून कोंबड्या, मेंढ्या, डुकरे पाळली. १९४८ साली त्यांनी आपल्या एका डुकराच्या मृत्यूवर निबंध लिहिला. वसंतात पिल्लू विकत घ्यायचे, हिवाळ्यात कापायचे, असा सरळ व्यवहार होता. ते मध्येच आजारी पडले आणि मालक त्याची शुश्रूषा करू लागला. ज्याला मारण्यासाठीच पाळले त्याला वाचवण्यासाठी रात्री जागवल्या. निबंधात गहिवर फार नाही, थोडे हसू आहे, बरीच लाज आहे. आपल्या हौशी लेखनात लाज हा रस अजून आलेलाच नाही.

हस्तकलेच्या बाबतीत गोष्ट जरा निराळी आहे, कारण तेथे लिहिण्यापेक्षा करणेच अधिक झाले. १९३० साली किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘स्त्री’ मासिक माळव्यातल्या मराठी घरांतूनही येई आणि विणकाम-भरतकामाची गोडी अशा मासिकांनी वाढवली. रुखवतात मांडलेल्या मण्यांच्या तोरणांनी, क्रोशाच्या रुमालांनी दोन पिढ्यांच्या लग्नांचे मांडव सजले. त्यावरचे लेख आठवणींचे असतात आणि त्यांत स्तुतीचा एक ठरलेला कळस असतो: ‘वस्तू अगदी विकतच्यासारखी दिसे.’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की त्यावर थांबणे भाग आहे. घरी केलेल्या वस्तूची थोरवी ती घरी केलेली न वाटण्यात आहे, असे त्या कलेची भक्ती करणारेच सांगत आहेत!

याउलट देवासच्या घरगुती कारागिरीचे जगात सर्वाधिक वाचले गेलेले वर्णन पाहावे. ते मराठीत नाही. ई. एम. फॉर्स्टर हे १९१२-१३ च्या हिवाळ्यात प्रथम देवासला येऊन गेले आणि १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिले. त्यांच्याकडे सोपवलेल्या कामांत संस्थानच्या बागाही होत्या, हे ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकातील पत्रांवरून दिसते. त्या वर्षीची राजवाड्यातील गोकुळाष्टमी त्यांनी पाहिली, आणि १९२४ च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग तिच्यावर उभा केला. त्यात एका तबकात मांडलेले मातीचे गोकुळ आहे. आपल्या घरांतून अष्टमीला नंद, यशोदा, गाई, गवळणी करून पाटावर जे मांडीत, त्याचेच हे थोरले भावंड. फॉर्स्टर यांच्या गोकुळातील कंस स्वतःच्या खुर्चीत मावत नाही आणि त्याचे डोके धडाला पेलत नाही. ते वाचून हसू येते. लेखक हसतोच, आणि तेथील गोंगाट, पसारा, अव्यवस्था यांविषयी त्याचा इंग्रजी नाकपुडीचा ताठाही लपत नाही. तरीही त्याला एक गोष्ट दिसली जी आम्हांला आमच्या लेखांत दिसत नाही. ही वस्तू देव नाही, हे त्याने ओळखले. आणि ती केवळ सजावट नाही, हेही ओळखले. तिची जागा या दोहोंच्या मधली आहे. म्हणूनच ती शेवटी तळ्यात सोडली जाते. कपाटात ठेवली जात नाही. डोके मोठे झाले म्हणून कोणी कंस पुन्हा घडवला नाही, कारण तो उद्या पाण्यातच जायचा होता. ‘विकतच्यासारखे’ गोकुळ कोणी पाण्यात सोडील का?

फॉर्स्टर यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते गोकुळ कोणी केले, हे त्यांनाही विचारावेसे वाटले नाही. शिवाय माळव्यातील मुली पितृपक्षात सोळा दिवस भिंतीवर शेणाने आणि फुलांच्या पाकळ्यांनी जी संजा काढतात आणि शेवटी ‘किलाकोट’ रचून पाण्यात सोडतात, ती त्यांना दिसली नसावी. आपल्या मराठी मुलीही शेजारणींबरोबर ती काढीत आल्या आहेत. भोंडल्याइतकीच ती आपली झाली आहे. मराठी लेखांत मात्र भोंडला येतो, संजा येत नाही. माळव्यात आपण इतक्या पिढ्या काढल्या, पण आठवणी अजून पुण्याच्याच लिहितो.

कारागिरीचा उल्लेख करताना लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ (१९८०) विसरून चालणार नाही. कैकाडी कुटुंब फोक तोडते, सोलते, टोपल्या विणते आणि गावोगाव विकते. हातांच्या कसबाचे इतके नेमके वर्णन मराठीत थोडेच आहे. त्या पुस्तकाची जी चर्चा झाली ती सामाजिक अंगाने झाली, आणि ते योग्यच होते. पण विणकामाचे मराठी गद्य म्हणूनही ते वाचले पाहिजे. ज्या डालग्याखाली कोणाची तरी कोंबडी झाकली जाई, ते विणणाऱ्याची बोटे येथे दिसतात. हेच काम आपण दिवाणखान्यात केले की ‘छंद’ आणि त्यांनी रस्त्याच्या कडेला केले की ‘पोट’. शब्द दोन असले तरी वीण एकच आहे, हे टीकाकाराने तरी लक्षात ठेवावे.

इंदूरच्या विष्णू चिंचाळकर गुरुजींनी (१९१७–२०००) हे ओळखले होते. चित्रकार म्हणून नाव झाल्यावर त्यांनी वाळकी पाने, काटक्या, साली, फुटक्या वस्तू हाती घेतल्या आणि मुलांना त्यांत आकार शोधायला शिकवले. त्यांच्या कामाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते टिकाऊ काहीच करीत नव्हते. काटकी थोडी फिरवून ती कोणासारखी दिसते ते दाखवीत होते. मराठी मातृभाषा असूनही त्यांचे अक्षर-अंकांचे प्रसिद्ध पुस्तक हिंदीत आहे. त्यांच्यावर मराठीत सविस्तर लेखन व्हावयास हवे होते, आणि ते काम आपल्यासारख्या मंडळांचेच होते.

शेवटी एक सूचना संपादक मंडळापुढे ठेवतो. जुन्या घरांतून वह्या असतात. एका बाजूने दुधाचा नि धोब्याचा हिशेब, वही उलटी केली की स्वेटरच्या टाक्यांची आकडेमोड. मध्ये कोठे तरी लोणच्याचे प्रमाण, कोणत्या वर्षी घेवड्यावर मावा पडला त्याची तारीख, माळ्यास दिलेली उचल. लिहिणारीला आपण लेखन करतो आहोत याची कल्पना नव्हती, त्यामुळे तिने काही गाळले नाही. वाडा विकताना या वह्या सर्वांत आधी रद्दीत जातात. ज्यांच्याकडे अजून असतील त्यांनी त्यांतली दोन-चार पाने मंडळाकडे द्यावीत, आणि मंडळाने ती शुद्धलेखनही न सुधारता छापावीत. जागा कमी पडत असेल तर पुढील अंकातील परसबागेचा लेख खुशाल मागे ठेवावा.